भास होणाऱ्या रुग्णाशी बोलण्याचेही शिक्षण असते

‘‘डॉक्टरसाहेब, बाकी सगळं ठीक आहे. गोळ्या घेतो, जेवतो, झोपतो. पण मधूनच म्हणतो, शेजारचे भिंतीला कान लावून बसलेत, माझ्यावर पाळत ठेवतात. किती समजावलं, पण पटतच नाही.’’ वडील सांगत असतात. मुलगा मान खाली घालून बसलेला असतो. पदराचे टोक बोटाला गुंडाळत आई मध्येच म्हणते, ‘‘मी आता म्हणते, हो बाळा, असेल तसं. उगीच वाद कशाला?’’

मनोविकारतज्ज्ञांच्या दवाखान्यात हा प्रसंग थोड्याफार फरकाने नेहमी घडतो. वडील वाद घालून थकलेले असतात, तर आई होकार देऊन मोकळी झालेली असते. दोघांचेही मुलावर प्रेम आहे यात शंका नाही. पण वाद घातला की मुलगा आपल्या समजुतीला अधिकच घट्ट धरून बसतो आणि होकार दिला की त्या समजुतीला घरातूनच पुरावा मिळतो. मग बोलायचे तरी कसे? की या विषयावर बोलायचेच नाही?

वाचकहो, या दोहोंमधून जाणारी एक तिसरी वाट आहे. ती शास्त्रशुद्ध रीतीने शिकवली जाते आणि आधीच मानसशास्त्राची किंवा परिचर्येची पदवी घेतलेली, रुग्णालयात काम केलेली माणसे ती शिकण्यासाठी पुन्हा विद्यार्थी होतात. आज त्या शिक्षणाची ओळख करून घेऊ. आपल्यापैकी बहुतेकांना हा अभ्यासक्रम करायचा नाही हे खरे. पण तेथे काय शिकवतात हे कळले, तर घरी काय करावे आणि उपचार देणारा माणूस कसा पारखावा, या दोन्ही गोष्टी उमगतील.

आजार कोणता?

ज्या अवस्थेत माणसाचा वास्तवाशी असलेला संबंध सैल होतो, तिला वैद्यकशास्त्रात ‘सायकोसिस’ म्हणतात. तिची दोन लक्षणे ठळक असतात. पहिले म्हणजे भास. कोणी नसताना आवाज ऐकू येणे, क्वचित काही दिसणे किंवा वास येणे. दुसरे म्हणजे भ्रम. आपल्याविरुद्ध कट चालला आहे, जेवणात काही कालवले आहे, टीव्हीवरचा माणूस आपल्यालाच उद्देशून बोलतो आहे, अशी पुराव्यानेही न ढळणारी समजूत. ‘स्किझोफ्रेनिया’ किंवा छिन्नमनस्कता हा या गटातील सर्वांत परिचित आजार. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ३०० माणसांमागे एकाला तो असतो. आजाराची सुरुवात बहुधा ऐन तारुण्यात होते, म्हणजे शिक्षण, नोकरी आणि लग्न या गोष्टी ठरण्याच्या वयात.

हा आजार करणीने किंवा बाहेरच्या बाधेने होत नाही. आई-वडिलांच्या वळण लावण्यातील चुकीनेही होत नाही. अनुवंशिकता, मेंदूतील रासायनिक बदल, जीवनातील ताण, गांजासारखी व्यसने अशा अनेक गोष्टी त्यात गुंतलेल्या असतात. १९५२ साली पॅरिसमध्ये झां डिले आणि पिएर डेनिकर या डॉक्टरांनी ‘क्लोरप्रोमझिन’ हे औषध वापरले आणि या आजाराच्या उपचारांत नवे युग सुरू झाले. त्यानंतर अनेक नवी औषधे आली. आजही उपचारांचा पाया औषधे हाच आहे.

तरीही काही रुग्णांत औषधे वेळेवर घेऊनसुद्धा आवाज थांबत नाहीत किंवा संशय पुरता जात नाही. काही रुग्णांत लक्षणे ओसरतात, पण मनात भीती, लाज आणि ‘मी आता कामातून गेलो’ ही भावना ठाण मांडून बसते. गोळी आवाज कमी करील, पण त्या आवाजाबरोबर बाजारात कसे जायचे हे गोळी शिकवत नाही. येथे बोलण्याच्या उपचारांचे काम सुरू होते.

‘त्यांच्याशी बोलून उपयोग नाही’

फार काळ तज्ज्ञांचेही मत असेच होते. जर्मन मनोविकारतज्ज्ञ कार्ल यास्पर्स यांनी १९१३ साली लिहिलेल्या ग्रंथात खरा भ्रम हा समजून घेण्यापलीकडचा असतो, असा विचार मांडला. त्याचा प्रभाव पुढच्या कित्येक पिढ्यांवर राहिला. विद्यार्थ्यांना शिकवले जाई की भ्रमाविषयी फार बोलू नये, बोलल्याने तो पक्का होतो.

या समजाला पहिला छेद अमेरिकेत गेला. आपल्यावर पाळत ठेवली जाते अशी पक्की समजूत असलेल्या एका रुग्णावर केवळ बोलण्यातून केलेल्या उपचारांची हकीकत आरन बेक या तरुण डॉक्टरने १९५२ साली प्रसिद्ध केली. बेक यांनी त्या समजुतीचा उगम रुग्णाबरोबर शोधला आणि तिचा आधार असलेला एकेक पुरावा त्याच्याबरोबर तपासून पाहिला. पुढे हेच बेक नैराश्यावरील उपचारांमुळे जगभर प्रसिद्ध झाले. त्यांच्या पद्धतीला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘सीबीटी’ म्हणतात. आपण तिला विचार-वर्तन उपचार म्हणू. घटना घडते, तिचा आपण काही अर्थ लावतो आणि त्या अर्थातून भावना व वागणूक निर्माण होते, हे तिचे मूळ सूत्र. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती याच जातकुळीतली. महाराष्ट्रात ती कि. मो. फडके यांच्या लेखनामुळे अनेकांना परिचित आहे.

पण सायकोसिससाठी या पद्धतीची रीतसर बांधणी झाली ती ब्रिटनमध्ये, १९९० च्या दशकात. डेव्हिड किंग्डन आणि डग्लस टर्किंग्टन यांचे पुस्तक १९९४ साली आले. लंडनमधील फिलिपा गॅरेटी, एलिझाबेथ कायपर्स आणि त्यांचे सहकारी डेव्हिड फाउलर यांचे १९९५ साली आले. मँचेस्टरमध्ये निक टॅरियर, तर बर्मिंगहॅममध्ये मॅक्स बर्चवुड आणि पॉल चॅडविक काम करीत होते. चॅडविक आणि बर्चवुड यांनी एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. रुग्णाला होणारा त्रास हा आवाज किती मोठा आहे यावर जितका अवलंबून असतो, त्याहून अधिक तो आवाज किती सर्वशक्तिमान आहे असे रुग्णाला वाटते, यावर अवलंबून असतो.

२००२ साली ब्रिटनच्या ‘नाइस’ या अधिकृत संस्थेने स्किझोफ्रेनियाच्या उपचारांत सीबीटीची शिफारस केली. २०१४ सालच्या मार्गदर्शिकेनुसार सायकोसिस असलेल्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीपुढे औषधांबरोबर सीबीटीचा पर्याय ठेवावा, ती एकास एक पद्धतीने द्यावी आणि किमान १६ बैठका ठरवाव्यात. शिफारस झाली, पण एवढ्या बैठका घेणार कोण? तशी माणसे तयार असायला हवीत. म्हणून प्रशिक्षणाचा प्रश्न पुढे आला.

बैठकीत नेमके काय होते?

प्रशिक्षणाकडे वळण्यापूर्वी ही पद्धत एका काल्पनिक उदाहरणाने समजून घेऊ. समजा, आपल्या सुरुवातीच्या प्रसंगातला तो २४ वर्षांचा मुलगा अशा प्रशिक्षित चिकित्सकापुढे बसला आहे.

पहिल्या दोन-चार बैठका ओळखीतच जातात. चिकित्सक ‘हे खोटे आहे’ असे म्हणत नाही, ‘हे खरे आहे’ असेही म्हणत नाही. तो म्हणतो, ‘‘शेजारी पाळत ठेवतात असं वाटत असेल, तर घरात बसणंसुद्धा कठीण होत असेल तुम्हाला.’’ मुलाच्या भीतीला असा मान मिळतो. समजूत बरोबर की चूक हा निवाडा बाजूला ठेवलेला असतो.

मग प्रश्न येतो, ‘‘हे पहिल्यांदा जाणवलं तेव्हा आयुष्यात काय चाललं होतं?’’ हळूहळू उलगडते की परीक्षेत अपयश आले होते, चार-पाच रात्री झोप नव्हती, मित्र तुटले होते आणि त्याच सुमारास शेजाऱ्यांशी पाण्यावरून भांडण झाले होते. चिकित्सक हे सर्व एका कागदावर मांडतो. प्रसंग, त्याचा लावलेला अर्थ, भीती आणि मग केलेली कृती, म्हणजे खिडक्या बंद करणे, बाहेर न जाणे, रात्रभर जागून कानोसा घेणे. जागरणाने मन अधिक हळवे होते आणि आवाज वाढतात. हे चक्र मुलगा स्वतः कागदावर पाहतो. ‘मी वेडा आहे’ याऐवजी ‘माझ्या बाबतीत असे घडत गेले’ ही मांडणी त्याला पहिल्यांदाच मिळते.

यानंतरची पायरी आहे दिलाशाची, पण माहितीवर आधारलेल्या दिलाशाची. आवाज ऐकू येणे हे काही जगावेगळे नाही, हे सांगितले जाते. दीर्घ जागरणाने, तीव्र तापात किंवा एकांतवासात निरोगी माणसालाही भास होऊ शकतात. वेल्समधील ड्यूई रीस या डॉक्टरने १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत जोडीदार गमावलेल्या सुमारे निम्म्या लोकांनी सांगितले होते की गेलेला माणूस जवळपास असल्याची जाणीव त्यांना झाली आहे. काहींनी त्याचा आवाजही ऐकला होता. यातील बहुतेकांनी ही गोष्ट कोणाला सांगितलेली नव्हती. आपल्याकडेही कित्येक घरांतून असे अनुभव ऐकायला मिळतात. हे कळले की रुग्णाच्या मनातील लाज कमी होते.

त्यानंतर तपासणी. ‘‘शेजारी ऐकतात याची तुम्हाला किती टक्के खात्री वाटते?’’ मुलगा म्हणतो, ‘‘नव्वद.’’ ‘‘उरलेले दहा टक्के कशामुळे?’’ या एका प्रश्नाने बंद दाराला फट पडते. मग दोघे मिळून छोटे प्रयोग ठरवतात. आवाज दिवसातून किती वेळा, कुठे आणि काय करीत असताना येतात याची वही ठेवायची. रेडिओ लावला, कोणाशी बोललो किंवा मनात पाढे म्हटले तर आवाजात काय फरक पडतो हे पाहायचे. ‘आवाजाचे ऐकले नाही तर वाईट घडेल’ असे वाटत असेल, तर अगदी साध्या गोष्टीत त्याचे न ऐकता काय होते ते नोंदवायचे. यालाच घरचा अभ्यास म्हणतात.

शेवटच्या बैठकांत आजार उलटण्याची पूर्वचिन्हे लिहून काढतात. झोप कमी होणे, चिडचिड, एकटे बसणे, देवाधर्माकडे किंवा एखाद्या विषयाकडे एकाएकी अतिरेकी ओढा. अशी चिन्हे दिसली की कोणाला सांगायचे आणि डॉक्टरांकडे कधी जायचे हे आधीच ठरते. आवाज पूर्ण थांबले तर उत्तमच. पण आवाज येत असूनही मुलगा दुकानावर बसू लागला, तर तोही उपचारांचा विजय मानतात.

हे शिकवतात कसे?

वर वाचताना हे सोपे वाटेल. ‘एवढेच ना, गोड बोलायचे!’ असेही कोणी म्हणेल. प्रत्यक्षात या कामात दोन्ही बाजूंना घसरण आहे. चिकित्सक थोडा घाईने पुरावा मागू लागला, की रुग्णाला तो पोलिसासारखा वाटतो आणि कटात सामील झालेला दिसतो. फार सहानुभूती दाखवली, की भ्रमाला दुजोरा मिळतो. म्हणून हे काम पुस्तक वाचून येत नाही.

ब्रिटनमध्ये १९९२ च्या सुमारास ‘थॉर्न’ नावाचा एक उपक्रम लंडन आणि मँचेस्टर येथे सुरू झाला. जूल्स थॉर्न यांच्या नावाच्या न्यासाने त्याला आर्थिक साहाय्य दिले होते. वस्तीत जाऊन रुग्णांना भेटणाऱ्या मनोरुग्ण-परिचारिकांना रुग्णाशी आणि कुटुंबाशी काम करण्याचे कौशल्य त्यात शिकवले जाई. हे काम केवळ मोठ्या डॉक्टरांचे नसून परिचारिकाही ते शिकू शकते, हे त्यातून दिसून आले. पुढे विद्यापीठांतून पदव्युत्तर पदविका निघाल्या. लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये तर खास सायकोसिससाठीच्या विचार-वर्तन उपचारांची पदव्युत्तर पदविका शिकवली गेली आहे. आता ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेनेही गंभीर मानसिक आजारांवरील बोलण्याच्या उपचारांसाठी कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देण्याची योजना हाती घेतली आहे.

अशा अभ्यासक्रमाला बहुधा मानसशास्त्रज्ञ, मनोरुग्ण-परिचारिका, समाजसेवक आणि व्यवसायोपचार तज्ज्ञ येतात. आपली नोकरी सांभाळून, आपल्याच रुग्णांवर काम करीत ते शिकतात. व्याख्याने असतात, पण खरा भर तीन गोष्टींवर असतो.

पहिली गोष्ट म्हणजे प्रत्यक्ष रुग्ण. सीबीटी चिकित्सक म्हणून मान्यता देणाऱ्या तेथील व्यावसायिक संघटनेच्या किमान निकषांत, प्रशिक्षणकाळात निदान ८ रुग्णांवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत उपचार करणे आणि देखरेखीखालील कामाचे २०० तास भरणे, अशा अटी आहेत. 

दुसरी गोष्ट म्हणजे ध्वनिमुद्रण. रुग्णाच्या लेखी संमतीने बैठक मुद्रित केली जाते आणि शिक्षक ती ऐकून गुण देतात. यासाठी प्रचलित असलेल्या एका मापनश्रेणीत १२ मुद्दे असतात. बैठकीचा कार्यक्रम रुग्णाबरोबर ठरवला का? रुग्णाचे म्हणणे आपल्याला नीट समजले आहे की नाही, हे त्यालाच विचारून घेतले का? उत्तर स्वतः न सांगता प्रश्नांतून रुग्णाकडून येऊ दिले का? मागच्या खेपेचा घरचा अभ्यास पाहिला का? प्रत्येक मुद्द्याला ० ते ६ गुण, म्हणजे एकूण ७२. साधारणपणे त्यांतील ३६ गुण मिळाले तर बैठक समाधानकारक मानतात. वीस वर्षे नोकरी केलेल्या परिचारिकेलाही ‘येथे तुम्ही रुग्णाचे वाक्य मध्येच तोडले’ असा शेरा मिळू शकतो. आपल्याकडे गाण्याचा शागीर्द गुरूसमोर बसून गातो आणि जागच्या जागी टोक खातो, तसाच हा प्रकार समजा.

तिसरी गोष्ट म्हणजे मार्गदर्शकाबरोबरची नियमित बैठक. त्यात रुग्णाच्या प्रगतीबरोबर चिकित्सकाच्या मनाचीही तपासणी होते. सतत मरणाचे, कटाचे आणि छळाचे बोलणे ऐकून चिकित्सक स्वतः खचू शकतो, रागावू शकतो किंवा ‘याचे काही होणार नाही’ म्हणून आतून हात टेकू शकतो. ते वेळीच ओळखणे हा शिक्षणाचाच भाग आहे.

यांत चौथी गोष्ट अलीकडे जोडली गेली आहे. ज्यांनी स्वतः आवाज ऐकले अशी माणसे वर्गात शिकवायला येतात. याचे मूळ नेदरलँड्समध्ये आहे. मनोविकारतज्ज्ञ मारियस रोम आणि त्यांच्या सहकारी सॉन्ड्रा एशर यांनी १९८७ साली आवाज ऐकणाऱ्या लोकांचा मेळावा भरवला. डॉक्टरांनी रुग्णांकडून शिकावे ही कल्पना तेथून पुढे रुजली.

गुण किती येतो?

या उपचारांचा अवाजवी गवगवा करणे योग्य होणार नाही. लंडनचे टॉम सेन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली ९० रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. औषधे सर्वांना चालूच होती. निम्म्यांना सीबीटी दिली आणि निम्म्यांशी तेवढाच वेळ केवळ मैत्रीच्या गप्पा मारल्या. उपचार संपले तेव्हा दोन्ही गटांत सुधारणा दिसली. मात्र आणखी नऊ महिन्यांनी पाहिले, तेव्हा सीबीटी घेतलेल्यांची सुधारणा टिकून होती आणि गप्पांच्या गटाची ओसरली होती. यातून दोन धडे मिळतात. कोणी आपुलकीने ऐकणे हेच मुळात औषधासारखे आहे, पण टिकाऊ गुणासाठी कौशल्य लागते.

२०१४ साली अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा ब्रिटनच्या मनोविकारशास्त्राच्या नियतकालिकात आला. त्यात लक्षणांवर होणारा परिणाम अल्प असल्याचे आढळले. गुणांची नोंद करणाऱ्याला कोणता रुग्ण कोणत्या गटात आहे हे माहीत नसेल, तर तो आणखी कमी दिसला. त्यावरून तज्ज्ञांत बराच वाद झाला आणि तो संपलेला नाही. तेव्हा या उपचारांकडे औषधांना जोड म्हणूनच पाहावे. ‘आता बोलण्याचे उपचार सुरू झाले, गोळ्या बंद केल्या तरी चालतील’ असा अर्थ कोणीही काढू नये. अचानक औषध थांबवल्याने आजार उलटून आलेली उदाहरणे दर महिन्याला पाहायला मिळतात.

आपल्याकडे काय स्थिती?

लंडनची पद्धत जशीच्या तशी आपल्या मातीत रुजेल असे नाही. अमेरिकेतील मानववंशशास्त्रज्ञ टान्या लुरमन यांनी चेन्नई, घानामधील आक्रा आणि कॅलिफोर्नियातील सॅन मटेओ येथील प्रत्येकी २० रुग्णांच्या मुलाखती घेतल्या. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसले की अमेरिकन रुग्णांना आवाज बहुधा अनोळखी आणि हिंसक वाटत. चेन्नईतील अनेकांना मात्र ते नातेवाइकांचे आवाज वाटत आणि ते ‘आंघोळ कर, घर झाड’ असे दटावतसुद्धा. आपल्याकडे रुग्ण एकटा राहत नाही. त्याच्या आजारात आणि उपचारात सारे घर असते. पाकिस्तानात फारूक नईम आणि सहकाऱ्यांनी हे ओळखून ६ बैठका रुग्णाबरोबर आणि १ कुटुंबाबरोबर अशी आटोपशीर पद्धत बेतली. तिचा चांगला उपयोग झाल्याचे त्यांनी २०१५ साली नोंदवले.

आपल्या राज्याशी संबंधित एक प्रयोगही सांगायला हवा. गोवा, तमिळनाडू आणि आपला सातारा जिल्हा येथे स्किझोफ्रेनियाच्या २८२ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात स्थानिक सामान्य माणसांना प्रशिक्षण देऊन, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, रुग्णांच्या घरी पाठवण्यात आले. ही सीबीटी नव्हती. आजाराची माहिती देणे, औषधे नियमित घेण्यास मदत करणे, दैनंदिन कामे पुन्हा शिकवणे आणि घरच्यांना आधार देणे असे त्यांचे काम होते. फक्त दवाखान्यातील उपचारांपेक्षा या जोडीचा गुण थोडा अधिक आला. गावातील माणूससुद्धा शिकवल्यास हे काम करू शकतो, अट एवढीच की शिकवणारा आणि देखरेख करणारा हवा. थॉर्न उपक्रमाचा धडाही हाच होता.

आज मात्र सायकोसिससाठीच्या सीबीटीचे खास शिक्षण घेतलेला चिकित्सक तालुक्याच्या गावी मिळणे दुर्मिळच. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ मोठ्या शहरांत अधिक आहेत. दुसरीकडे, दोन दिवसांच्या शिबिराचे प्रमाणपत्र भिंतीवर लावून ‘समुपदेशक’ म्हणवणारेही आहेत. सौम्य चिंतेच्या रुग्णाला त्यांचा कदाचित अपाय होणार नाही. सायकोसिसच्या रुग्णाला होऊ शकतो. म्हणून संकोच न करता विचारावे : आपले शिक्षण काय? भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का? अशा रुग्णांवर पूर्वी काम केले आहे का? कोणाच्या मार्गदर्शनाखाली? मनोविकारतज्ज्ञांशी आपण संपर्क ठेवता का? जो ‘गोळ्या सोडा, मी बरे करतो’ म्हणेल, त्याच्याकडून तत्काळ उठावे.

मदत कोठे मिळेल? अनेक जिल्हा रुग्णालयांत मानसिक आरोग्याचा बाह्यरुग्ण विभाग चालतो, प्रथम तेथे चौकशी करावी. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. केंद्र शासनाची ‘टेलिमानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून ती दिवसरात्र चालते आणि मराठीतही बोलता येते. पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ रुग्ण आणि नातेवाईक यांच्यासाठी काम करते. २००४ सालचा ‘देवराई’ हा मराठी चित्रपट अनेकांनी पाहिला असेल. घरातील माणसांची ओढाताण त्यात चांगली दिसते.

घरच्यांनी काय करावे?

घरच्यांनी चिकित्सक होऊ नये. आईला आई आणि भावाला भाऊच राहू द्यावे. पण या शिक्षणातील काही साध्या गोष्टी घरातही उपयोगी पडतात.

१. समजुतीवर वाद घालू नका आणि होकारही देऊ नका. ‘‘मला तसं ऐकू येत नाही, पण तुला किती भीती वाटत असेल हे मला कळतं,’’ एवढे म्हणावे. हे वाक्य खोटे नाही आणि तोडणारेही नाही.

२. दिवसभर आजाराविषयीच बोलू नका. दळण आणणे, गाईला चारा घालणे, दुकानाचा हिशेब अशी झेपणारी कामे द्या आणि झालेल्या कामाचे कौतुक करा.

३. सतत टोमणे व टीका टाळा. तसेच ‘तुला काही जमायचे नाही’ म्हणून अतिकाळजीही करू नका. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन यांनी सुरू केलेल्या आणि पुढे अनेक देशांत झालेल्या अभ्यासांत, घरात अशी टीका किंवा अतिगुंतवणूक असेल तर आजार उलटण्याचे प्रमाण अधिक आढळले आहे. चंडीगड येथील अभ्यासात आपल्या कुटुंबांत ती तुलनेने कमी दिसली. ही आपली जमेची बाजू आहे, ती जपावी.

४. झोप आणि गोळ्यांची वेळ सांभाळा. गांजा आणि दारूपासून दूर ठेवा.

५. ‘आवाज मला जीव द्यायला सांगतात’ किंवा ‘अमक्याला मारायला सांगतात’ असे रुग्ण म्हणाला, अन्नपाणी सोडले किंवा रात्रंदिवस जागा राहू लागला, तर थांबू नका. त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

६. स्वतःची झोप, जेवण आणि विसावा याकडेही लक्ष द्या. सांभाळणारा थकला की घर थकते.

सुरुवातीच्या त्या मुलाकडे पुन्हा एकदा पाहू. वडील आणि डॉक्टर बोलत असताना त्याला अद्याप कोणी काही विचारलेलेच नाही. सारे त्याच्याविषयी बोलत आहेत, त्याच्याशी कोणी बोलत नाही. परदेशातील त्या अभ्यासक्रमात शिकणाऱ्याला पहिल्या दिवसापासून मोडायला लावतात ती सवय हीच. त्यासाठी आपल्याला विद्यापीठात जाण्याची गरज नाही. आज संध्याकाळी घरातल्या अशा माणसाजवळ दहा मिनिटे बसावे, त्याचे म्हणणे मध्ये न तोडता ऐकावे आणि उद्याची गोळी त्याच्या हातावर ठेवावी. सुरुवात एवढ्याने होते.